आमच्याकडे काही वाया जात नाही

३ मार्च

नोकरीत असताना मी रोज लिहायचे. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही घडेना म्हणून वही मिटली. आज पुन्हा उघडली, कारण सूनबाईची नोकरी टांगणीला लागली आहे.

संध्याकाळी ती हॉटेलातून आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि बटाटे सोलता सोलता दुसऱ्या कुणाची तरी हकीकत सांगावी तशी सांगून मोकळी झाली. तिच्या हॉटेलच्या लॉबीचं काम चाललं आहे. सप्टेंबरअखेर नवी लॉबी उघडणार, काउंटर सगळं काचेचं असणार आणि काउंटरवरच्या मुलींना नवा गणवेश, राखाडी कोट आणि स्कर्ट. त्यातला सगळ्यात मोठा कोटसुद्धा हिच्या अंगावर मिटेना. मॅनेजरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, बिस्किटं पुढे केली आणि गोड आवाजात सांगितलं की तोवर कोट बसला तर उत्तमच, नाहीतर खाली लाँड्रीत जागा आहे. लाँड्री तळघरात आहे, तिथे खिडकी नाही. आणि ही सात वर्षं त्या काउंटरवर उभी आहे. माणसं येतात, ही हसते, किल्ली देते. ते काम तिला मनापासून आवडतं, हे मलाही ठाऊक आहे.

चिरंजीवांनी फोनमधून मान वर न काढता "मग कमी कर की" एवढंच म्हटलं. ह्यांनी जेवायला किती वेळ आहे ते विचारलं. म्हणजे नेहमीप्रमाणे सगळं माझ्या अंगावर आलं. मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर तीस वर्षं चालवलंय मी. दोनशे मुलींना वेळेवर जेवू घातलं, तर एका बाईचं वजन उतरवणं म्हणजे काय मोठंसं! लग्नानंतरच्या फोटोत तिच्या गळ्याची हाडं दिसतात. तेव्हा मीच तिला म्हणायचे, जरा अंग धर, लोक म्हणतील सासू उपाशी ठेवते.

७ मार्च

आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आलो. मी सोबत गेले, कारण सूनबाई अशा ठिकाणी मूग गिळून बसते.

बाई तरुण आहेत आणि पेन्सिलीसारख्या सरळसोट. दिवसभरात काय काय खाता, असं त्यांनी विचारलं. सूनबाईने खरं तेच सांगितलं: सकाळी चहा आणि ब्रेड, दुपारी डबा, रात्री ताटात वाढलेलं. "आणखी काही?" बाईंनी विचारलं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं की आमच्या घरी मधल्या वेळचं चरणं नाही, मी स्वतः वाढते, तेव्हा माझ्या नजरेतून काही सुटत नाही. बाईंनी लिहून घेतलं आणि मग एकदम भलतंच विचारलं, तुमच्याकडे शेवटी कोण जेवतं? आता याचा वजनाशी काय संबंध? मी जरा तोडूनच म्हणाले की आमच्या घरात सगळे वेळेवर जेवतात.

परत येताना सूनबाई बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे.

१५ मार्च

सगळं शिस्तीत चाललंय. तिच्यासाठी भिंगरीचं छोटं ताट काढलं आहे. (भिंगरी म्हणजे आमची नात. सहा वर्षांची आहे आणि एका जागी बसत नाही.) ताटात मूठभर भात, उकडलेली भाजी, एक अंडं. सूनबाई तक्रार न करता जेवते, सगळ्यांची ताटं उचलते आणि स्वयंपाकघर आवरायला जाते. या बाबतीत तिला नावं ठेवायला जागा नाही. भिंगरी अर्धं ताट तसंच टाकून पळते, ह्यांना दात गेल्यापासून ब्रेडच्या कडा चाववत नाहीत, चिरंजीव उशिरा येतात तेव्हा बाहेरून खाऊनच आलेले असतात. एवढं सगळं असूनही रात्री भांडी लख्ख आणि कचऱ्याचा डबा रिकामा.

हे वळण माझं. वसतिगृहात माझ्या हाताखाली सहा बायका होत्या. शिधा यायचा तो मुलींच्या नावाने, त्या बायकांच्या नावाने दाणासुद्धा नाही. परत आलेल्या पातेल्यांत जे असेल त्यावर त्यांचं भागायचं, आणि त्याला कुणी जेवण म्हणायचं नाही. मागच्या दाराचा डबा इतका रिकामा असायचा की मांजरांनी यायचं सोडलं होतं. तपासणीला आलेले साहेब झाकण उघडून बघायचे आणि माझं कौतुक करायचे. अजूनही झोपण्याआधी घरातल्या डब्याचं झाकण मी एकदा उचलतेच. सूनबाई नवी होती तेव्हा तिने एकदा वाटीभर भात टाकून दिला होता. मी तिला हाताला धरून डब्यापाशी नेलं आणि दाखवलं. त्यानंतर तिने कधी काही टाकलं नाही. शिकवलेलं लक्षात ठेवणारी पोर आहे.

२३ मार्च

चिरंजीवांचे दोन मित्र बायकांसह जेवायला आले होते. सूनबाईने सकाळपासून राबून सगळं केलं. केक मात्र मी बाहेरून आणवला.

ती छोटं ताट घेऊन बसली तर एका मित्राची बायको म्हणाली, हे काय, आम्ही खायचं आणि तुम्ही बघत बसायचं? एका दिवसाने काय होतं? मलाही ते बरं दिसेना. यजमानीण उपाशी बसली तर पाहुण्यांचा घास कसा उतरणार? मी तिच्या ताटात केकचा मोठा तुकडा ठेवला. तिने तो खाल्ला. शेवटचा घास तोंडात असताना चिरंजीव म्हणाले, "पुढच्या वर्षी घराची दारं रुंद करून घेतो." सगळे हसले, सगळ्यात जास्त सूनबाई हसली, आणि मीही हसले. मित्राच्या बायकोने मात्र आपला केक तसाच ठेवला होता, नुसता चमच्याने उकरून. लोणी घातलेला महागडा केक! तो ताटलीतच स्वयंपाकघरात गेला.

झोपताना मला उगाच वाटलं की हसायला नको होतं. पण गमतीने म्हटलेलं मनाला लावून घेण्यात काय अर्थ आहे?

२ एप्रिल

वजन वाढलं. उतरायचं सोडून वाढलं!

आहारतज्ज्ञ बाई माझ्याकडे असं बघत होत्या की जणू मीच काट्यावर उभी आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी आल्याबरोबर खाण्याच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली उशाशी ठेवली. सूनबाई समोरच उभी होती. तिने विचारलं असतं तर समजावलं असतं, पण ही बाई भांडतही नाही. मग मनात काय चाललंय ते कळायचं कसं?

आता घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला हवं.

९ एप्रिल

आज न सांगता तिच्या हॉटेलात गेले. लॉबीच्या निम्म्या भागावर कापड टाकून काम चाललं होतं, उरलेल्या भागात खांबाआड एक कोच होता, तिथे बसले. दुपारच्या डब्यानंतर ही काही चोरून खाते का, ते बघायचं होतं.

तसं काही दिसलं नाही. जुना निळा कोट, बगलेत दोन्हीकडून सैल केलेला, घालून ती उभी होती. एका वेळी तिघांशी बोलत होती, फोन खांद्यावर, पेन हातात. एक म्हातारं जोडपं आलं. दुसरी मुलगी मोकळी असूनही ते हिच्यापुढे रांगेत थांबले. आजोबांची कानाची मशीन बिघडली होती, तर हिने कागदावर मोठ्या अक्षरांत खोलीचा नंबर आणि नाश्त्याची वेळ लिहून दिली. म्हातारीने हिचा हात दोन्ही हातांत धरला. घरात ही अशी हसते का, ते मला आठवेना. मग तिने आतल्या दाराशी उभं राहून डबा उघडला, उकडलेली भाजी संपवली, पाणी प्यायली आणि परत जागेवर आली. दुसरं काहीही खाल्लं नाही.

मी तशीच निघून आले. तिला सांगितलं नाही. तिचं काम बघून मला बरं वाटलं हेही सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसायची.

१७ एप्रिल

सापडली. घरातच सापडली.

जेवणं झाल्यावर माझ्या गोळ्या घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ही ओट्याशी उभी. पातेलं पोटाशी धरलेलं आणि त्यातला भात भराभर तोंडात चाललेला. शेजारी भिंगरीचं ताट, तेही पुसून घेतलेलं. मी ओरडलेच. चिरंजीवांना हाक मारली, हेही उठून आले. सगळ्यांसमोर मी म्हणाले की दिवसभर उकडलेलं खाण्याचं सोंग आणि इथे हा उद्योग!

तिच्या हातात पातेलं तसंच होतं. तिने घास गिळला आणि म्हणाली, "मी जेवत नाहीये, आई. मी आवरतेय."

मला वाटलं, ही माझी थट्टा करतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता. ती पुढे म्हणाली, "टाकलं तर तुम्ही डबा उघडून बघता."

चिरंजीव "काय कटकट आहे" म्हणाले आणि निघून गेले. हे माझ्याकडे बघत राहिले, ते का कोण जाणे.

मी तिला कधी खा म्हटलं? नऊ वर्षांत एकदा तरी? मी एवढंच म्हटलं होतं की टाकू नकोस.

१८ एप्रिल

झोप झाली नाही. मीही तेच केलं आयुष्यभर. माझ्या सासूबाईंच्या घरात बायकांची पंगत शेवटची, आणि ती पंगत म्हणजे काय तर पातेली. बाळंतपणात त्यांनी मला बाळासाठी खा, बाळासाठी खा करत दूध-लोणी चारलं आणि बाळ चालायला लागल्यावर म्हणाल्या, किती सुटलीस गं. मी सूनबाईला तसंच चारलं, कारण तेव्हा ते लागतंच. मी कुठे तक्रार केली होती? माझं काय वाईट झालं?

गुडघे सोडले तर काही नाही.

२१ एप्रिल

आहारतज्ज्ञ बाईंना सगळं सांगावं लागलं. सूनबाई आज पहिल्यांदाच भडाभडा बोलली. बाई शांतपणे म्हणाल्या, सोपं आहे, कमी शिजवा आणि उरलं तर टाकून द्या.

कमी शिजवा! चिरंजीवांनी अवेळी येऊन भात मागितला आणि पातेलं कोरडं निघालं तर त्यांच्यापुढे काय ठेवायचं? ह्यांना आणखी वाढू का विचारायचं की नाही? भरल्या घरात मोजूनमापून शिजवायची वेळ आमच्यावर अजून आलेली नाही. आणि टाकायचं म्हणजे तर हद्दच झाली. शिकलेल्या माणसांना अन्नाची किंमत नसते.

२६ एप्रिल

चिरंजीवांनी कुठल्याशा सर्जनचा पत्ता आणला आहे. पोटाचा बराचसा भाग कापून काढतात म्हणे, मग माणसाला जास्त खाताच येत नाही. त्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या बायकोने करून घेतलं आणि ती आता ओळखू येत नाही. सप्टेंबरच्या आत निकाल लागेल, रोजची रडगाणी संपतील.

सूनबाईला नको आहे. ती रडली नाही, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. जेवणाच्या टेबलाशी मी तिला अशी बसलेली फारशी पाहिलेली नाही. म्हणाली, "आई, मला एक महिना द्या. महिनाभर जे उरेल ते मी टाकून देईन आणि तुम्ही डबा उघडायचा नाही. एवढंच करा. मला कापून घ्यायची भीती वाटते."

मी विचार केला. खरंच केला, इथे खोटं कशाला लिहू? एका महिन्यात सप्टेंबर काही पळून जाणार नव्हता. पण मग डोळ्यांसमोर तो डबा आला, त्यात भात, ब्रेड, अर्धी अंडी, वर माशा. या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. मी म्हणाले, "ते माझ्याच्याने व्हायचं नाही, बाळ. डॉक्टर चांगले आहेत म्हणतात."

तिने मान हलवली आणि खुर्ची जागेवर ढकलून ठेवली.

१४ मे

झालं. दोन तासांत झालं. सर्जन फार सभ्य आहेत. काढलेला भाग केवढा होता ते त्यांनी हाताने दाखवलं. चिरंजीव म्हणाले, एवढाच? मी दुसरीकडे बघितलं.

शुद्धीवर आल्यावर तिने भिंगरी जेवली का, असं विचारलं. मी म्हटलं, जेवली, तू पड.

२० जुलै

कपडे नुसते गळायला लागलेत तिच्या अंगावरून. शेजारणी थांबवून थांबवून विचारतात, काय केलंस गं, आम्हालाही सांग. तीच माणसं, जी मागच्या वर्षी जिन्यात तिला वाट देताना भिंतीला चिकटायची. चिरंजीव तिला बरोबर घेऊन मित्रांकडे जाऊन आले. किती दिवसांनी दोघं मिळून गेले.

ती चार चमचे खाते आणि थांबते. एखादा चमचा जास्त झाला की सगळं उलटून पडतं. नहाणीत केसांचे पुंजके दिसतात. डॉक्टर म्हणतात, होतं असं.

स्वयंपाकघर आता मी आवरते. माझे घरातले झगे धुण्यात आटलेत, काखेत काचतात. साबण बदलून बघते.

११ ऑगस्ट

भिंगरी आज स्वतःहून म्हणाली, "आजी, मला अर्धंच वाढ. मला जाड नाही व्हायचं." एवढीशी पोर, पण किती समज! मी तिचा पापा घेतला. सूनबाईच्या हातातून पाण्याचा पेला निसटला आणि फुटला. हल्ली तिच्या हातांत जोर नाही.

५ सप्टेंबर

कोट बसला! सगळ्यात मोठा नव्हे, मधला. ती घालून आली आणि आरशासमोर उभी राहिली. मी खरंच टाळ्या वाजवल्या. ह्यांनीसुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवून "वा" म्हटलं. मी म्हटलं, बघ, आता काचेचं काउंटर असो नाहीतर आणखी कसलं. ती आरशात बघत होती, पण कोटाकडे नाही, तोंडाकडे.

२८ सप्टेंबर

परवा नवी लॉबी उघडते. आज मॅनेजरबाईंनी पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. चहा दिला. म्हणाल्या, तुमची जिद्द कौतुकास्पद आहे, पण तब्येत बरी दिसत नाही. डोळे आत गेलेत, चेहरा ओढल्यासारखा वाटतो, पाहुण्यांना दारातच ताजंतवानं कुणी दिसायला हवं. शिवाय मधेच काउंटर सोडून उलटी करायला जावं लागतं, ते बरं नाही. थोडे दिवस लाँड्रीत बसा, आराम पडेल.

थोडे दिवस म्हणजे किती, असं मी विचारलं. तिने तिथे विचारलंच नव्हतं. राखाडी कोट परत करून आली होती.

चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, आता काय करणार, मीटिंगमध्ये आहे.

३० सप्टेंबर

ती खाली जाऊ लागली. तिथे चादरी मोजायच्या असतात. वर बँड वाजत होता तो ऐकू येत होता, म्हणाली.

रात्री ताटावर बसली आणि चमचा हातात धरून नुसती बसून राहिली. दिव्याखाली तिच्या गालांची हाडं दिसत होती. मीच मागे लागून हे सगळं करून घेतलं असं कुणी म्हणू नये, मी तिच्या भल्यासाठीच केलं. मी उठून तिच्याजवळ गेले, पातेल्यातला मऊ भात घेतला, वर साय घातली आणि म्हटलं, खा गं, किती वाळलीस, दोन घास जास्त खा.

तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं.

"आता कुणासाठी खाऊ, आई?"

टेबलाशी सगळे होते. चिरंजीव फोन बघत होते, ह्यांचं जेवण उरकत आलं होतं, भिंगरी आपल्या अर्ध्या ताटातलंही बोटाने बाजूला सारत होती. मी म्हटलं, माझ्यासाठी खा.

तिने खाल्ले. दोन्ही घास, नीट चावून. माझ्याकडे बघत खाल्ले. मग खुर्ची मागे सारून नहाणीत गेली. पाण्याचा नळ सोडला तरी आतला आवाज येत होता. मी पातेलं हातात घेऊन दाराबाहेर उभी होते. आत जावं की नाही ते कळत नव्हतं. नंतर टेबलावरून कुणीतरी मला आणखी भात मागितला, तेव्हा मी वाढायला परत गेले.